गेल्या हंगामात फायनल, यंदा विसावे? हा कुठला न्याय!

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

देवगड तालुक्यातल्या एका तेवीस वर्षांच्या वाचकाचं हे पत्र. घरची हापूसची कलमं आहेत, शिवाय वडिलांबरोबर तो इतरांच्या बागाही कराराने घेतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, शाळेत असताना, तो मुंबईला आत्याकडे गेला होता. तेव्हा आतेभावाने त्याला वरळीच्या डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना दाखवला, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. तेव्हापासून हा पेसर्सचा. पहाटे उठून सामने बघतो. यंदा, २०२५ च्या जूनमध्ये पेसर्स फायनलच्या सातव्या सामन्यात हरले. आता दिवाळीत नवा हंगाम सुरू होतोय आणि हंगामाआधीच्या अंदाजांची जी क्रमवारी उघडावी तिच्यात पेसर्स खाली. आतेभाऊ अशा प्रत्येक क्रमवारीचा स्क्रीनशॉट हसऱ्या चेहऱ्यांसकट घरच्या ग्रुपवर टाकतो. ह्याने चिडून आधी पैज लावली: पेसर्स ४५ सामने जिंकतील, नाहीतर पाच पेट्या हापूस. मग एका रात्री लिहिलं, 'तुला ऑफिसात कोणी नंबर दिला असता तर कितवा आला असतास?' आतेभावाची नोकरी उन्हाळ्यात गेली आहे. तेव्हापासून तो गप्प आहे, आणि आत्या म्हणते, यंदा दिवाळीला आमचं जमणार नाही. वडील म्हणतात, 'तुका कोणी इचारल्यान काय?' वाचक विचारतो: ह्या क्रमवाऱ्या ठरवणारे हे कोण? मी त्या वाचणंच बंद करू का? पैजेचं काय करू? आणि मला एवढा राग का येतो?

प्रिय देवगडकर,

मी सॅक्रामेंटो किंग्जवाली. वरळीच्या त्या दोन दिवसांत तुमच्या पेसर्सनी आम्हाला दोन्ही सामन्यांत हरवलं, पहिल्यात ओव्हरटाइममध्ये १३२-१३१, दुसऱ्यात सरळ १३०-१०६. त्याचं काही नाही, ते सरावाचे सामने होते. पण २०२३ मध्ये आम्ही प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना पोचलो त्याआधी सलग सोळा हंगाम आम्ही प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. एनबीएत इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघाने काढलेला नाही. ऑक्टोबर आला की क्रमवारी खालून वर वाचायची, हे आमच्या अंगवळणी पडलंय. तेव्हा तुझा राग मला कळतो. तो बरोबर जागी लागलाय का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पत्रात तू सारखं 'तळाला टाकलं' म्हणतोस. तळाला कुणी टाकलेलं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक क्रमवाऱ्यांत पेसर्स तीस संघांमध्ये विशीच्या आसपास आहेत. तळाला कोण आहेत ते बघ, त्यांच्या चाहत्यांची पत्रं मला अजून आलेली नाहीत.

दुसरं, तू म्हणतोस की इंडियानापोलिससारख्या लहान शहराच्या संघाला अमेरिकेतले पत्रकार किंमत देत नाहीत. ह्यात थोडं तथ्य आहे, पण ते वेगळ्या जागी. देशभर टीव्हीवर दाखवायचे सामने निवडताना मोठी शहरं आणि मोठी नावं आधी घेतली जातात. लेकर्स आणि निक्स कसेही खेळोत, ते दिसतातच. तो धंदा झाला. क्रमवारीचं म्हणशील तर यंदा जवळपास सगळीकडे पहिला कोण आहे? ओक्लाहोमा सिटी थंडर. ते शहर इंडियानापोलिसहूनही लहान. जूनमधली अख्खी फायनल अशा दोन शहरांत झाली ज्यांची नावं आपल्याकडे बास्केटबॉल न बघणाऱ्याला सांगताही येणार नाहीत. लहान शहराचा राग असता तर थंडर वर कसे?

पेसर्स खाली आहेत ह्याची कारणं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, तू ती पत्रात लिहिली नाहीस इतकंच. टायरीस हॅलिबर्टन अख्खा हंगाम खेळणार नाही. गेल्या हंगामात सामन्यामागे १८.६ गुण आणि ९.२ असिस्ट (दुसऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास) करणारा, संघाचा सगळा वेग ज्याच्या हातातून निघायचा तो माणूस. आणि माइल्स टर्नर, दहा हंगाम तुमच्याकडे काढलेला सेंटर, जुलैमध्ये मिलवॉकीला गेला. रिंगखाली शॉट अडवणारा आणि बाहेर जाऊन थ्रीही, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉटही टाकणारा सेंटर रोज मिळत नाही. हे दोघे वजा केल्यावर उरलेला संघ तू कितवा ठेवशील? ग्रुपवर नको सांगू, स्वतःला सांग.

आता तुझ्याच धंद्याचं बोलू. दिवाळीच्या आगेमागे तू आणि बाबा बागा बघायला जाता. मोहोर अजून कुठेच नसतो, तरी तुम्ही मालकाला आकडा सांगता. कशावरून? गेल्या वर्षी झाडं किती लागली होती, मोहोरासाठीचं कल्टार कधी घातलंय, पालवी आधीच फुटून जून झालीय की आत्ता ऑक्टोबरात कोवळी लवलवतेय, कलमं किती वर्षांची आहेत, मोहोरावरच्या फवारण्या मालक वेळेवर करू देतो की नाही. गेल्या वर्षी फांद्या टेकल्या होत्या म्हणून यंदा तुम्ही जास्त देत नाही, उलट हात आखडता घेता, कारण हापूस एक वर्ष भरभरून आला की पुढच्या वर्षी अंग चोरतो. मालक चिडतो. कलमं त्याच्या आजोबांनी लावलेली असतात, गेल्याच हंगामात वाशीला गाड्या गेलेल्या असतात, आणि तुम्ही अंगणात बसून त्याचा चहा पिऊन म्हणता, यंदा एवढेच. त्याला वाटतं बागेचा अपमान केला. तुम्ही केलेला असतो का? पुढे थंडी बरी पडली, थ्रिप्सची कीड आटोक्यात राहिली, अवकाळी टळला, तर त्याच बागेतून तुमच्या अंदाजाच्या दुप्पट माल निघतो. तेव्हा तुमचा अंदाज चुकला असं म्हणता येईल. तुम्ही बागेचा दावा धरला होता असं म्हणता येणार नाही.

ऑक्टोबरातली क्रमवारी म्हणजे असाच मोहोराआधीचा करार. फरक एकच: तुमचा आकडा चुकला तर तुमचे पैसे जातात, त्यांचं काहीच जात नाही. एप्रिलमध्ये कोणी त्यांच्या दारात जाऊन विचारत नाही की तुम्ही असं का म्हणाला होता. ह्या गोष्टीवर तू हवा तेवढा चीड, मीही चिडते. पण तो राग त्यांच्या बेफिकिरीवर, पेसर्सच्या जागेवर नाही.

ह्या क्रमवाऱ्या बनतात कशा, तेही एकदा बघून घे, म्हणजे त्यांचा दरारा कमी होईल. काही निव्वळ एकट्यादुकट्या पत्रकाराचं मत असतात. काही ठिकाणी गणित असतं: प्रत्येक खेळाडूची मागच्या हंगामांतली कामगिरी, त्याचं वय, तो किती मिनिटं खेळेल ह्याचा अंदाज, त्यावरून संघ सामन्यामागे किती गुणांनी पुढे किंवा मागे राहील, आणि त्यावरून विजय. ढोबळ हिशेब असा की सामन्यामागे सरासरी एका गुणाचा फरक म्हणजे हंगामात अडीच-तीन विजयांचा फरक. म्हणजे एक मोठा खेळाडू गेला आणि संघ सामन्यामागे तीन-चार गुणांनी घसरला, की आठ-दहा विजय तिथेच गेले. यात कुणी कुणाला कमी लेखलेलं नसतं. आणि मिनिटांचा अंदाज चुकला की सगळंच चुकतं, कारण दुखापत कुठल्याच गणिताला आधी दिसत नाही.

क्रमांक हाही फसवा असतो. एनबीएचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन भाग असतात. गेल्या हंगामात वेस्टमध्ये तिसऱ्या ते आठव्या स्थानापर्यंतच्या संघांचे विजय होते ५०, ५०, ५०, ४९, ४८, ४८. सहा संघ, दोन विजयांचं अंतर. तिसरा थेट प्लेऑफला आणि आठवा प्ले-इनच्या, म्हणजे प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या जादा सामन्यांच्या तलवारीखाली. आता सांग, कोणी ऑक्टोबरात ह्यांतल्या एकाला चौथा आणि दुसऱ्याला आठवा लिहिलं असतं तर त्यावरून भांडण्यात काय हशील होतं? म्हणून क्रमांक न बघता गट बघायचे: जिंकू शकणारे, प्लेऑफला नक्की जाणारे, मधले, आणि नव्याने उभारणी करणारे. पेसर्स मधल्यांत आहेत की शेवटच्यांत, हा बोलण्यासारखा प्रश्न आहे. अठरावे की बाविसावे, हा नाही.

'गेल्या वर्षीही चुकले होते, मग यंदाही चुकतील,' असं तू लिहिलंयस. चुकले होते, खरंय. गेल्या ऑक्टोबरात पेसर्स फायनलला जातील असं कोण म्हणत होतं? डेट्रॉइटचंही तसंच. आदल्या हंगामात १४-६८, म्हणजे १४ विजय आणि ६८ पराभव, त्यात सलग २८ पराभव, आणि गेल्या हंगामात ४४-३८ करून ते प्लेऑफला. पण चूक दुसऱ्या बाजूलाही तितकीच होते. फिलाडेल्फियाने पॉल जॉर्जला आणलं, एम्बीड आणि मॅक्सी हे मोठे खेळाडू होतेच, सगळ्यांनी त्यांना वर बसवलं. एम्बीड १९ सामने खेळला आणि संघ २४-५८ वर संपला. शिवाय थंडरला सगळे वरच ठेवत होते, ते ६८ जिंकले आणि अजिंक्यपदही घेऊन गेले. तुला फक्त पेसर्स आठवतात, कारण ती आठवण गोड आहे. क्रमवारी एकदा चुकली म्हणून तुझ्या बाजूने दरवर्षी चुकेल असा काही नेम नाही.

आणि एक विसरू नकोस. गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला, २५ सामने झाले तेव्हा पेसर्स १०-१५ होते. त्या दिवशी ग्रुपवर तू काय लिहीत होतास? मी पैज लावते की तू गप्प होतास. पुढच्या ५७ पैकी त्यांनी ४० जिंकले. म्हणजे ऑक्टोबरचा अंदाज खोटा ठरला आणि डिसेंबरमध्ये त्या अंदाजाला मिळालेला पुरावाही खोटा ठरला. पण ते घुमजाव करणाऱ्या संघाच्या हातात हॅलिबर्टन होता.

इथे मला पत्रातली एक गोष्ट खटकली. क्रमवारीवर तू तीन पानं लिहिलीस. २३ जूनबद्दल एक ओळ: 'त्या दिवशी मी कोणाशी बोललो नाही, दादाचा फोन आला होता, उचलला नाही.' दादा म्हणजे हाच आतेभाऊ. मला हा हिशेब उलटा वाटतो.

त्या दोन महिन्यांत काय काय झालं ते आठव. एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच एका निनावी मतचाचणीत हॅलिबर्टन लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला खेळाडू म्हणून पहिला आला होता. मग त्याने मिलवॉकीला शेवटच्या सेकंदांत घरी पाठवलं. ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडवर त्यांच्याच मैदानात थ्री मारून सामना काढला. न्यूयॉर्कमध्ये त्याचा बॉल रिंगवर आदळून इतका उंच उडाला की खाली यायला जन्म लागला, आणि आत पडला. फायनलच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना त्याने जंपर, म्हणजे उडी घेऊन शॉट मारला, १११-११०. त्या अख्ख्या सामन्यात पेसर्स पुढे होते ते तेवढ्या ०.३ सेकंदांपुरतेच. तू हे सगळं पहाटे एकट्याने बघितलंस, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून. आणि मग २३ जूनला, बाहेर पाऊस धो धो लागलेला असताना, सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये, तीन थ्री टाकून झाल्यावर, तो उजव्या पायावर जोर देऊन निघाला आणि कोसळला. टाचेमागची अकिलीसची शीर तुटली. हाताने फरशी बडवत होता तो. संघ तरीही लगेच मोडला नाही, शेवटी १०३-९१ ने हरला. पेसर्स एनबीएच्या फायनलला पोचले ते २५ वर्षांनी, आणि एनबीएचा किताब त्यांच्याकडे आजवर एकदाही आलेला नाही.

हे कोणाला सांगणार होतास तू? तालुक्यात कबड्डीच्या चढाईवर किंवा टेनिस बॉलच्या स्पर्धेवर रात्रभर बोलणारे शंभर जण सापडतील. हॅलिबर्टनच्या टाचेवर बोलणारा एक. त्याचा फोन तू उचलला नाहीस. मग चार महिन्यांनी लोक आकडेवारी मांडून सांगायला लागले की तो संघ आता राहिला नाही, आणि ती बातमी तुला पहिल्यांदा कोणी तोंडावर सांगितल्यासारखी लागली. माझा हा अंदाजच आहे, चुकीचाही असेल. पण 'एवढा राग का येतो' ह्याला क्रमवारी हे उत्तर मला पुरत नाही.

बोस्टनवाल्यांचीही यंदा हीच गत आहे. जेसन टॅटमची शीर मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्ध तुटली आणि अजिंक्यपदाच्या गप्पा मारणारा संघ क्रमवारीत घसरला. डेमियन लिलार्डची तर एप्रिलमध्ये तुमच्याविरुद्ध खेळतानाच तुटली, आणि मिलवॉकीने त्याला सोडून त्या पैशांत तुमचा टर्नर घेतला. तुझ्यासारखं पत्र लिहायच्या बेतात असलेला कोणी बोस्टनवाला हे वाचत असेल तर त्यालाही माझं हेच सांगणं आहे: आधी ठरव की तुला राग आलाय की वाईट वाटतंय. वाईट वाटत असेल तर क्रमवारीवाल्याशी भांडून ते कमी होत नाही, उद्या दुसरी क्रमवारी येते.

तुझ्या प्रश्नाकडे येते. वाचणं बंद कर असं मी सांगणार नाही, तू चोरून वाचशील. त्यापेक्षा आधी स्वतःची क्रमवारी लिही. बागेच्या वहीत लिहितोस तशी, कारणासकट. हंगामात सगळ्या संघांचे मिळून सामने १२३०, म्हणजे विजयही १२३०च. पेसर्सना ४५ द्यायचे तर ते वरून पडत नाहीत, कोणाच्या तरी खात्यातून काढावे लागतात. क्लीव्हलँडकडून काढतोस? ऑर्लँडोकडून? नावानिशी लिही. ईस्टचे पंधरा संघ लिहून होईपर्यंत तुझा ४५ चा आकडा आपोआप खाली येईल असा माझा कयास आहे. मग ती वही पंचवीस सामन्यांनंतर उघड, मधे नको. दर आठवड्याच्या क्रमवाऱ्याही येतात, त्यांच्या नादी तर अजिबात लागू नकोस, त्या मागच्या चार सामन्यांचं उष्टं असतं.

आणि यंदा बघायचं काय ते बदल. पॉइंट गार्डचं, म्हणजे बॉल हातात घेऊन खेळ रचण्याचं काम आता अँड्र्यू नेमहार्डवर आहे. तो रोज तीस-पस्तीस मिनिटं ते पेलतो का, हे मला खरंच बघायचंय. तुमच्या पास्कल सिआकमवर प्रतिस्पर्ध्यांची दोन-दोन माणसं धावून येतील तेव्हा बॉल कुठे जातो? टर्नरच्या जागी कोण उभं राहतं? तरुण जॅरेस वॉकरला मिनिटं मिळतात का? प्रशिक्षक रिक कार्लाइल हजाराव्या विजयाच्या जवळ आहेत, तो ह्याच हंगामात बघायला मिळेल असं धरून चाल. हरणाऱ्या संघातही ह्या गोष्टी दिसतात, आणि पुढच्या वर्षी हॅलिबर्टन परत येईल तेव्हा त्यांचाच उपयोग होणार आहे. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट: २०२६ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधला, पहिल्या फेरीचा स्वतःचा पिक (निवडीचा हक्क) पेसर्सनी न्यू ऑर्लीन्सकडून जूनमध्येच परत मिळवलाय. हंगाम फारच वाईट गेला तर तो पिक वरचा असेल. वरच्या पिकांचा क्रम सोडतीने (लॉटरीने) ठरतो, तिच्यात शेवटच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी असते, आणि यंदाच्या मे महिन्यात तर डॅलसने १.८ टक्क्यांवर लॉटरी मारली. हरावं अशी इच्छा धर असं मी म्हणत नाही. मला ती जमली नाही, सोळा वर्षांत. पण हरल्याचा सगळाच माल फुकट जात नाही.

झोपेचंही बघ. नोव्हेंबरपासून घड्याळं बदलली की तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचला येतात, ते बरे पडतात. आत्ता ऑक्टोबरातले साडेचारचे सगळे थेट बघायलाच हवेत असं नाही.

आता आतेभाऊ. इथे मी गोड बोलणार नाही. स्क्रीनशॉट टाकणं ही चेष्टा होती, चिडवणं होतं, थोडा वाह्यातपणाही होता. तू लिहितोस की तो आधी गोल्डन स्टेटचा होता, मग बोस्टनचा, आता थंडरचा, म्हणजे जो पहिला त्याचा हा. अशा माणसाने तुला खिजवावं ह्याचा ताप होतो, मान्य. पण तू उत्तर बास्केटबॉलचं दिलं नाहीस. ज्याची नोकरी गेलीय त्याला, आईवडील, काका-काकू बघत असताना, तू कितवा आला असतास असं विचारलंस. तुला क्रमवारीत विसाव्या जागी बघून जे वाटलं तेच तू त्याला दिलंस, आणि तुझा तर फक्त संघ होता.

त्याला फोन कर, मेसेज नको. फोनवर पेसर्सचं नाव काढू नकोस, 'पण तूही...' हे तर अजिबात नको. चुकलो म्हण आणि नोकरीचं कुठवर आलं ते विचार, आणि तो सांगेल तेवढं ऐक. नंतर ग्रुपवरही दोन ओळी टाक, कारण लागलं ते ग्रुपवर लागलंय. लांबलचक नको, 'दादा, मी बोललो ते चुकीचं होतं, माफ कर' एवढं पुरे. आत्याला वेगळा फोन बाबांना करू दे. यंदा भाऊबीज २३ तारखेला आहे आणि बाबांना त्यांची बहीण घरी हवी असणार, ते 'तुका कोणी इचारल्यान' म्हणत असले तरी. ते तुला क्रमवारीबद्दल ओरडतायत की आत्या येणार नाही ह्याबद्दल, ते एकदा विचारून बघ.

तो लगेच विरघळेल असं नाही. नोकरी गेलेल्या माणसाला दिवाळीत नातेवाइकांच्या घोळक्यात जायचंच नसतं, तुझ्या मेसेजने त्याला कारण मिळालं असंही असू शकेल. तसं असेल तर ओढाताण करू नकोस. पेसर्सचा पहिला सामना थंडरशी आहे, फायनलला हरवलं त्याच संघाशी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. तो देवगडात असेल तर त्याला उठव. मुंबईत असेल तर फोन लावून ठेव आणि दोघं आपापल्या घरी बघा. तुम्ही हरण्याचीच शक्यता जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

राहिली पैज. ४५ हा आकडा तू रागात बोललास, त्यामागे बागेत फिरून केलेला हिशेब नाही. मला पेसर्स ३५ च्या वर जाताना दिसत नाहीत. म्हणजे क्रमवारीवाल्यांपेक्षा मी जास्त कठोर निघाले, पुढचं पत्र माझ्यावर लिही. पहिल्या सामन्याच्या आधी दादाला सरळ सांग की आकडा बदलूया. खेळ सुरू झाल्यावर बदलणं वाईट दिसतं. तुझ्या वहीतला जो आकडा निघेल तो घे आणि पाचच्या दोन पेट्या कर. तो नाही म्हणाला तर पाचच राहू दे, दिलेला शब्द आहे. साखळी सामने एप्रिलच्या मध्यावर संपतात, तेव्हा हापूस ऐन भरात असतो आणि भावही. हरलास तर पेट्या मे महिन्यात दे, असं आत्ताच ठरवून घे.

तुझी,
ताई